सांडपाण्यावर फुलणारी परसबाग

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अवर्षणप्रवण भागात पाण्याचे मोल काय असते, हे त्या प्रसंगाने सर्वांच्या मनावर बिंबविले. तथापि, अशा भागातील अनेक गावांत न्हाणीचे व मोरीचे पाणी अद्यापही रस्त्यावर वाहून वाया जाते.

जलजीवन मिशनच्या निकषानुसार ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी पुरवावयाचे आहे. पाच माणसांच्या कुटुंबास मिळणाऱ्या २७५ लिटरपैकी सुमारे २०० लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडते. ते शुद्ध करण्याचा एक साधा मार्ग म्हणजे पाणवनस्पतींचा वाफा. जर्मनीत केटे झायडेल या विदुषीने १९५० नंतरच्या दशकात या पद्धतीचे प्रयोग आरंभिले.

वाफ्याची रचना

सांडपाणी प्रथम निवळण-टाकीत घ्यावे. तेथे गाळ तळाशी बसतो व तेलकट साय वर राहते. नंतर ते तळ व बाजू न झिरपणाऱ्या, सुमारे ६० सेंटिमीटर खोल अशा खडीच्या वाफ्यात सोडावे. त्यात पाणकणीस, देवनळ किंवा कर्दळ लावावी. शुद्धीकरणाचे मुख्य कार्य खडीवर व मुळांवर वाढणारे सूक्ष्म जीवाणू करतात. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालूनच वाहत असल्याने डासांची पैदास होत नाही.

आकाराचे तारतम्य

कोरड्या हवामानात वाफा जितका मोठा तितका चांगला, हा समज चुकीचा ठरतो. वरील कुटुंबास सुमारे ६ चौरस मीटरचा वाफा पुरतो. कडक उन्हाळ्यात त्यातून दररोज १० मिलिमीटर पाणी हवेत गेले, तर ६० लिटरची घट होते. वाफा दुप्पट केल्यास १२० लिटर जातात आणि उरलेल्या ८० लिटरमध्ये सर्व क्षार एकवटतात. असे पाणी काळ्या जमिनीस अपायकारक होय.

ऊसतोडणीसाठी कुटुंब परगावी गेल्यास एका घराचा वाफा सुकून जातो. म्हणून चार-पाच घरांनी मिळून एक वाफा करणे अधिक श्रेयस्कर.

उपयोग व देखभाल

शौचालयाचे पाणी यात मिसळू नये. शुद्ध झालेले पाणी शेवगा, नारळ अशा झाडांना द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना देऊ नये. टाकीतील गाळ वेळच्या वेळी न काढल्यास खडी चोंदते व वाफा निकामी होतो. तेव्हा गाळ कोणी व केव्हा काढावयाचा, हे ग्रामपंचायतीने बांधकामापूर्वीच ठरविणे अगत्याचे आहे.