मातीची ओढ मोजणारी नळी

चिखली-मेहकरकडचे शेतकरी मूठभर काळी माती दाबून वाफसा ओळखतात. पण रानात ओल असली म्हणजे ती मुळांना मिळतेच असं नाही. चिकण मातीचे कण पाणी इतकं घट्ट धरतात, की ओलसर दिसणाऱ्या वावरातही सोयाबीन माना टाकतं.

ही ओढाताण टेन्शिओमीटर मोजतो. पाण्याने भरलेली नळी, तिच्या टोकाला सच्छिद्र चिनीमातीची कुपी. माती सुकली की ती कुपीतून पाणी शोषते, नळीतला दाब घटतो, दाबमापकाचा काटा सरकतो. ओढ साधारण ८० किलोपास्कलपुढे गेली की मात्र नळीत हवा शिरते. आपल्या भेगाळणाऱ्या जमिनीत तर कुपीचा मातीशी संपर्कच तुटतो; म्हणून ती मुळांजवळ, चिखलाचा लेप देऊन घट्ट बसवावी.

मुळांना लागणाऱ्या अन्नद्रव्यांचंही पाण्याशी नातं आहे: नायट्रेट पाण्याबरोबरच मुळांपर्यंत वाहत येतं. स्फुरद फारसं हलत नाही. त्याच्यापर्यंत मुळांनाच पोचावं लागतं.