हुशार माणसांच्या संघटनेतून रझाकार कसे निघाले?

हे आपल्या या वेळच्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना दोन-दोनदा आलेलं तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यात कुणी दांडगाई केली की जुनी माणसं अजून म्हणतात, "काय रझाकारी लावलीय का?" १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात आणि त्या भाषणांतले रझाकार हे कुठून तरी अचानक आलेले राक्षस असतात. मी दिवसभर सॉफ्टवेअरमधले बग शोधणारा माणूस. "राक्षस आले आणि गेले" एवढ्यावर माझं भागत नाही. बग नेमका कुठे शिरला आणि कोणत्या पायरीवर पकडता आला असता, हे मला बघायचं असतं. म्हणून आजचा विषय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. रझाकार या शब्दाचा अर्थ आहे स्वयंसेवक. बस्स, एवढाच.

आता थोडं मागे जाऊ. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि लातूरही आपल्याच जिल्ह्यात होतं. ते वेगळं झालं १९८२ साली. हैदराबाद शहर म्हणजे त्या काळचं मोठं विद्येचं ठिकाण. १९१८ साली तिथे उस्मानिया विद्यापीठ निघालं. उच्च शिक्षण उर्दूतून द्यायचं म्हणून त्यांनी चक्क एक भाषांतर विभागच काढला, दारुल तर्जुमा. विज्ञान, इतिहास, तत्त्वज्ञान, सगळी पुस्तकं उर्दूत आणायची. इंजिनिअरिंग मातृभाषेतून शिकवावं की नाही यावर आपण आज वाद घालतो. ते लोक शंभर वर्षांपूर्वी कामाला लागले होते. अर्थात संस्थानातल्या बहुतेकांची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती, ही त्यातली मोठी मेख.

याच वातावरणात १९२७ साली मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना निघाली. सुरुवातीचा भर समाजातली एकी आणि धार्मिक-सांस्कृतिक कामावर होता. १९३८ मध्ये नवाब बहादूर यार जंग अध्यक्ष झाले. प्रचंड वक्तृत्व असलेला माणूस. त्यांच्या काळात एक सिद्धान्त पुढे आला, 'अनल मलिक', म्हणजे 'मीच राजा'. निजाम हा नुसता प्रतीक आहे, खरी सत्ता संस्थानातल्या प्रत्येक मुसलमानाची आहे, असं त्याचं सार.

ही पहिली पायरी. ऐकायला हा सिद्धान्त लोकशाहीसारखा वाटतो की नाही? राजाची सत्ता काढून माणसांना दिली. पण आकडे बघा. १९४१ च्या जनगणनेत संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती आणि त्यात मुसलमान साधारण आठात एक. म्हणजे उरलेले सात या सिद्धान्तात कुठे बसतात, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारायला हवा होता. शिवाय खेड्यातला गरीब मुसलमान विणकर राजा झाला तो फक्त भाषणात. त्याच्या चुलीत काही फरक पडला नाही.

दुसरी पायरी, राबणारी माणसं. कोणत्याही संघटनेत चर्चा करणारे पुष्कळ असतात आणि रोज वेळ देणारे थोडे. इत्तेहादनेही शिस्तीसाठी, सभांच्या बंदोबस्तासाठी स्वयंसेवक उभे केले. हेच रझाकार. १९४४ मध्ये बहादूर यार जंग वारले. १९४६ च्या अखेरीस संघटनेची सूत्रं कासिम रझवीकडे आली. हा कोण? अलीगढला शिकलेला, आपल्या लातूरला वकिली करणारा माणूस. कडेला उभ्या असलेल्यांतला सर्वात जहाल माणूस आता मधोमध आला होता.

तिसरी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: शहाण्यांचं गप्प बसणं. हे भित्रे होते म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याच लोकांवर टीका केली तर बाहेरचे तिचा फायदा घेतील, ही भीती असते. 'तो जरा जास्त बोलतो, पण समाजासाठी झटतो' ही सवलत असते. आणि प्रत्येकाला वाटत असतं की माझ्याहून मोठं कुणीतरी बोलेल. एकेकटं पाहिलं तर यातलं प्रत्येक कारण पटण्यासारखं आहे. बेरीज मात्र भयानक होते.

त्या बेरजेची तारीखच सांगतो: २७ ऑक्टोबर १९४७. भारताशी 'जैसे थे' करार करायचा की नाही, यावर निजामाच्या कार्यकारी मंडळात चर्चा झाली होती आणि बहुमताने मसुदा मान्य झाला होता. शिष्टमंडळ दिल्लीला निघणार, तर पहाटे इत्तेहादच्या जमावाने पंतप्रधान नवाब छतारी, सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ गेलंच नाही. निजामाने नवं शिष्टमंडळ नेमलं, छतारी पायउतार झाले. गंमत म्हणजे २९ नोव्हेंबरला सही झाली ती जवळपास त्याच मसुद्यावर. कागद तोच राहिला. बदललं एवढंच, की बहुमताचा निर्णय घराबाहेरची गर्दी उलटवू शकते हे सगळ्यांना दिसलं. पुढचे पंतप्रधान मीर लायक अली, पेशाने इंजिनिअर आणि उद्योगपती. नुसतं शिक्षण अशा वेळी वाचवत नाही, हे आम्हा बीटेकवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

मग खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ, खून. आपल्या जिल्ह्यातून माणसं सोलापूर-बार्शीकडे पळाली. तिकडे सरहद्दीवर स्टेट काँग्रेसची सशस्त्र केंद्रं उभी राहिली.

कुणी बोललंच नाही का? बोलले. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुसलमान गृहस्थांनी सह्यांनिशी पत्रक काढलं की रझाकार संघटना बरखास्त करा आणि भारतात सामील व्हा. त्यांत महसूल खात्यात अधिकारी राहिलेले फरीद मिर्झाही होते. हे पत्रक 'इमरोज' या उर्दू दैनिकाने छापलं. त्याचा संपादक शोएबुल्ला खान, वय सत्तावीस. धमक्या आल्या तरी तो लिहीत राहिला. २२ ऑगस्टच्या मध्यरात्री कचेरीतून घरी जाताना त्याला गाठून मारलं, हात तोडले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १३ सप्टेंबरला, भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरलं. पहिली चकमक आपल्या नळदुर्गला झाली. १७ तारखेला निजामाने हार मानली.

भाषणं इथे थांबतात. आपण थांबायचं नाही. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसं मेली असा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वात जास्त झळ बसली होती. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात राहिला, सुटून पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. किंमत मोजली ती सिद्धान्त कधी ऐकलाही नसलेल्या माणसांनी, आधी एका बाजूच्या, मग दुसऱ्या. त्याच अहवालात एक नोंद आहे: काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, त्यासाठी स्वतःचे जीवही गमावले. त्यांच्याकडे सिद्धान्त नव्हता, शेजार होता.

आता यातून आपण काय घ्यायचं? तुम्ही ज्या कुठल्या अभ्यास गटात, वाचन कट्ट्यावर, जातीच्या, धर्माच्या किंवा विचारांच्या ग्रुपवर असाल, तिथे तीन गोष्टी तपासा.

एक: आपल्या सिद्धान्तात कोण बसत नाही? उत्तर 'बहुतेक लोक' असेल, तर सिद्धान्त कितीही हुशार असो, थांबा.

दोन: टोकाचं मत आणि धमकी यांत फरक करा. टोकाच्या मताशी वाद घालता येतो. पण कुणी बोलायचं आणि कुणी नाही, हे एखादा स्वयंसेवक ठरवायला लागला की वाद संपला, ताबा सुरू झाला.

तीन: लवकर बोला आणि सोबतीने बोला. सुरुवातीला 'नाही' म्हणायची किंमत फार तर चहाच्या टेबलावरचा अबोला असते. १९४८ च्या ऑगस्टमध्ये ती जिवाची होती. सातजण आधी बोलले असते तर सगळं टळलं असतं, असा दावा मी करत नाही. पण १९३८ मध्ये सात हजारांना बोलायला जे स्वस्त होतं, ते दहा वर्षांनी सातांना महाग पडलं.

आणखी वाचायचं असेल तर अनंत भालेराव आणि नरहर कुरुंदकर, दोघांनी हैदराबादवर सविस्तर लिहिलंय. आणि घरात किंवा गल्लीत पंच्याऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून विचारा, "ॲक्शनच्या वेळी तुम्ही कुठं होता?" दोन्ही समाजांच्या घरांत विचारा. ही माणसं आता थोडीच उरलीत.