वस्तीवरल्या राखणदाराची आंघोळ

निफाड-सिन्नरकडे उसात बिबट्याचा वावर. रात्री वस्तीवर पहिला भुंकतो तो आपला कुत्रा. पण त्याला गोचिडी झाल्या की आपण काय करतो? कॅनॉलात ढकलतो, नाहीतर पिकावरचं औषध चोळतो. ते कातडीतून, चाटण्यातून अंगात भिनते आणि जनावर दगावते. असे करू नये.

आधी चार दिवस नुसता ओला हात फिरवावा, भाकरीचा तुकडा द्यावा. मग खाली पोते अंथरून कोमट पाणी मागल्या पायांपासून हळूहळू ओतावे. तोंडावर, कानात नको. गुरगुरला तर थांबावे. गोचिडीचे औषध जनावरांच्या डॉक्टरला विचारूनच लावावे.

भ्यालेला कुत्रा चावतो. विश्वास बसला, की आपणहून बादलीपाशी येतो, हा आम्हा वस्तीकरांचा अनुभव.