दुसऱ्या खेपेचा पेपर आणि पाठ केलेली उत्तरे

सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या तरुणास बडोद्यात न मागता जे सल्ले मिळतात, त्यांपैकी एक इतक्या ठामपणे आणि इतक्या वेळा दिला जातो की, त्याचा प्रतिवाद करण्याचाही आता कंटाळा यावा. ‘दुसऱ्या अटेम्प्टला पेपर सेमच येतो, आठवतील तेवढे प्रश्न लिहून काढ, डम्पमधून उत्तरे जुळव आणि मुदत संपली की बसून टाक,’ हा तो सल्ला. (डम्प म्हणजे बाहेर फुटलेल्या प्रश्नोत्तरांचा संग्रह.) सयाजीगंजातील क्लासांच्या जिन्यांवर तो ऐकू येतो; दांडियाबाजारातल्या मराठी घरांत, ज्याने स्वतः ही परीक्षा कधी दिलेली नाही असा मावसभाऊ तो देतो; आणि नवल असे की, तो ऐकणारा उमेदवार, जो एरव्ही रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालील, तोच या भरवशावर ३०० डॉलरांचे शुल्क, वर कर, असे सगळे दुसऱ्यांदा बिनदिक्कत भरून मोकळा होतो.

हा समज खोटा असला तरी अकारण उत्पन्न झालेला नाही. मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका चाळल्या म्हणजे निम्मा अभ्यास उरकला, हा अनुभव आपल्याकडे पिढ्यानुपिढ्यांचा आहे. गाईडे, अपेक्षित प्रश्नसंच आणि ‘हा प्रश्न दोनदा आला आहे, यंदा येणार नाही’ असली भाकिते यांवर ज्याचे विद्यार्थिजीवन पोसले गेले, त्याच्या मनात परीक्षा म्हणजे कुठल्या तरी कुलूपबंद कपाटातला एक ठरीव कागद आणि अभ्यास म्हणजे त्या कागदाचा आधी लागलेला सुगावा, अशी समजूत दृढ होऊन बसते. सीसीएनएच्या बाबतीत मात्र असा ठरीव कागदच नाही. प्रश्नांचा एक मोठा संग्रह असतो, त्यातून निरनिराळे संच तयार होतात, आणि त्या संग्रहातून जुने प्रश्न वगळण्याचे व नवे घालण्याचे काम अखंड चालू असते. एखादा ओळखीचा प्रश्न पुन्हा भेटणारच नाही, असे कोणी म्हणत नाही. परंतु ‘एखादा भेटेल’ या शक्यतेवरून ‘तोच पेपर येईल’ या सिद्धान्तावर उडी मारणे, हे तर्कशास्त्रात बसत नाही.

शिवाय परीक्षेचा क्रमांक कायम राहिला म्हणजे तिचा मजकूरही कायम राहतो, असे नाही. २००-३०१ हा क्रमांक २४ फेब्रुवारी २०२० पासून चालू आहे. पण २० ऑगस्ट २०२४ पासून याच क्रमांकाखाली १.१ ही सुधारित आवृत्ती लागू झाली, पपेट व शेफ या साधनांची नावे अभ्यासक्रमातून गळाली, अन्सिबलच्या जोडीस टेराफॉर्म आले, आणि नेटवर्कच्या व्यवहारातील कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय नव्याने समाविष्ट झाला. मोठ्या भावाने जपून ठेवलेले जुने डम्प वरच्या क्रमांकावर विसंबून घोकणाऱ्यास या फेरबदलाची वार्ता परीक्षेच्या पडद्यावरच कळते.

आता, घोकलेले उत्तर कसे दगा देते, ते एका लहानशा उदाहरणाने पाहावे. समजा, पहिल्या खेपेस विचारले होते की, १९२.१६८.१०.७७/२७ हा पत्ता कोणत्या नेटवर्कातला आणि त्या नेटवर्कचा ब्रॉडकास्ट पत्ता कोणता. बत्तीस बिटांपैकी सत्तावीस नेटवर्ककडे गेले, होस्टसाठी पाच उरले, म्हणून शेवटच्या आकड्यात बत्तीस-बत्तीस पत्त्यांचे गट पडतात: ०, ३२, ६४, ९६. ७७ हा ६४ च्या गटातला. पुढचा गट ९६ पासून सुरू होतो, तेव्हा या गटाचा अखेरचा पत्ता, म्हणजे ब्रॉडकास्ट, ९५. आपल्या उमेदवाराने ही रीत बाजूस ठेवून ‘७७ आला की ६४ आणि ९५’ एवढेच पाठ केले. दुसऱ्या खेपेस पत्ता तोच, मात्र /२७ च्या जागी /२८ आहे. ओळखीचा आकडा पाहून तो हरखतो, ९५ वर टिचकी मारतो आणि पुढे सरकतो. वास्तविक /२८ मध्ये गट सोळाचे. ६४ चा गट ७९ वर संपतो, म्हणून ब्रॉडकास्ट ७९. तेथेच /२६ असते तर तो १२७ झाला असता. आणि /२९ असते तर गट आठाचे होऊन खुद्द नेटवर्कच ७२ झाले असते. यातली मौज अशी की, /२६, /२७ आणि /२८ या तिन्हींत नेटवर्क ६४ च राहते. त्यामुळे घोकणाऱ्याचे अर्धे उत्तर योगायोगाने बरोबर येते, आणि हा योगायोगच त्याचा घोकंपट्टीवरील विश्वास पक्का करतो. रीत समजलेल्यास या प्रश्नाला अर्धे मिनिट पुरते, आणि पत्ता कोणताही आला तरी त्याचे काही अडत नाही.

डम्पमधली उत्तरे तपासतो कोण, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. राउटरच्या तक्त्यात १०.१.०.०/१६ हा मार्ग ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलकडून आलेला आहे आणि १०.१.१.०/२४ हा आरआयपी या दुसऱ्या प्रोटोकॉलकडून, तर १०.१.१.५ कडे निघालेले पॅकेट कोणत्या मार्गाने जाईल? ‘ओएसपीएफचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स ११०, आरआयपीचे १२०, कमी ते श्रेष्ठ, म्हणून ओएसपीएफ,’ असा जबाब छातीठोकपणे देणारे पुष्कळ असतात, आणि तो साफ चूक आहे. एकाच लांबीच्या, एकाच नेटवर्कच्या मार्गाबद्दल दोन निरनिराळे खबरे दावा करू लागले, तर तक्त्यात कोणाची नोंद घ्यावी एवढ्यापुरताच त्या डिस्टन्सचा अंमल चालतो. तक्ता तयार झाल्यावर पॅकेट पाठवताना मात्र पत्त्याशी अधिकात अधिक बिटांनी जुळणारा मार्गच निवडला जातो, म्हणून येथे /२४ चा, आरआयपीचा मार्ग जिंकतो. आयपी कनेक्टिव्हिटी या ज्या प्रकरणात हा विषय येतो, त्यास परीक्षेत २५ टक्के, म्हणजे सहा प्रकरणांत सर्वांत अधिक वजन आहे. तेथे चुकीचे तत्त्व पाठ करून जाणाऱ्यापेक्षा काहीच पाठ न करता जाणाऱ्याची स्थिती बरी म्हणावी लागेल. त्याला निदान विचार करावा लागतो.

नीतीचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो प्रथम काढला की श्रोते जांभई देतात. परंतु तो नुसत्या नीतीचा नाही, कायद्याचाही आहे. परीक्षा सुरू होण्यापूर्वी उमेदवार गोपनीयतेचा करारनामा मान्य करतो, आणि त्या करारनाम्यान्वये प्रश्न बाहेर सांगणे, लिहून देणे किंवा असा मजकूर वापरणे निषिद्ध आहे. भंग झाल्यास निकाल रद्द होऊ शकतो, मिळालेले प्रमाणपत्र काढून घेतले जाऊ शकते आणि पुढील परीक्षांची बंदीही येऊ शकते. ‘आठवतील तेवढे प्रश्न लिहून काढ आणि ग्रुपवर टाक’ असे सांगणारा मावसभाऊ या कलमाची जबाबदारी घेत नाही.

मग दुसऱ्या खेपेची तयारी करावी तरी कशी? परीक्षेनंतर हाती येणारे गुणपत्रक हा या कामी उपलब्ध असलेला एकमेव खात्रीचा दस्तऐवज होय, आणि नेमका तोच रागाच्या भरात फाडला जातो किंवा मोबाइलच्या कोपऱ्यात पुरला जातो. त्यावर प्रकरणवार टक्केवारी दिलेली असते. नेटवर्कची मूलतत्त्वे २०, नेटवर्क ॲक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी २५, आयपी सेवा १०, सुरक्षेची मूलतत्त्वे १५ आणि ऑटोमेशन १०, ही वजने शेजारी मांडून पाहावी. म्हणजे ऑटोमेशनमधील हलाखीपेक्षा राउटिंगमधील मध्यम कामगिरीच अधिक महाग पडली, असे बहुधा दिसून येते, आणि कुठे किती दिवस घालावे याचा निवाडा आपोआप होतो.

त्यानंतरचे काम हातांचे आहे. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीकडून विनामूल्य मिळणाऱ्या पॅकेट ट्रेसरमध्ये दोन राउटर जोडावे, ओएसपीएफ चालू करावे, आणि शेजार जुळल्याची खात्री झाल्यावर एका बाजूचा हॅलोचा अवधी नेहमीच्या १० सेकंदांवरून मुद्दाम १५ करावा. डेड टायमर संपताच ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ या आज्ञेखालची यादी रिकामी होते, आणि तरीही पलीकडच्या राउटरला पिंग बिनतक्रार जात राहते. तार शाबूत, पत्ता शाबूत, मग शेजार का मोडला? ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’ दोन्हीकडे चालवून दोन अवधी शेजारी ठेवून पाहिले, की उत्तर डोळ्यांपुढे उभे राहते. मग एरियाचा क्रमांक बिघडवावा, मग मास्क, मग ट्रंकच्या दोन टोकांचे नेटिव्ह व्हिलॅन. पूर्ण जुळवलेले नेटवर्क पाहून जे कळत नाही, ते स्वतः बिघडवून पुन्हा जुळवताना कळते. आणि परीक्षेत प्रत्यक्ष कॉन्फिगरेशन करावयाचे लॅबचे प्रश्नही येतात, तेव्हा तेथे पाठ केलेल्या अ, ब, क, ड यांचा काडीचा उपयोग नसतो.

ही गोष्ट निदान बडोद्यास निराळी सांगावी लागू नये. सयाजीराव महाराजांनी १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रमुखत्वाखाली येथे कलाभवन उघडले, ते धंदेशिक्षण देशी भाषांतून आणि हातास काम देऊन व्हावे, याच हेतूने. दादासाहेब फाळके छायाचित्रणादी कला शिकले, ते तेथेच. आज त्याच कलाभवनाच्या आवारात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा नांदते आहे, आणि तेथून हाकेच्या अंतरावर तंत्रविद्येचा पदवीधर उत्तरांची अक्षरे पाठ करीत बसलेला असतो, हे दृश्य हास्यास्पद म्हणावे की खेदजनक, याचा निर्णय वाचकांवर सोपवितो.

बाकीच्या गैरसमजांना इतकी जागा देण्याचे कारण नाही. त्यांचा निकाल एकेका ओळीत लागतो.

‘पाच दिवसांत पुन्हा बसावेच लागते.’ उलट आहे. नापास झालेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस बसताच येत नाही, आणि ही किमान मुदत आहे, आग्रह नव्हे.

‘८२५ गुणांना पास.’ गुण ३०० ते १००० या मापावर दिले जात, पण उत्तीर्णतेचा आकडा सिस्को जाहीर करीत नाही व तो बदलण्याचा अधिकार राखून ठेवते. ९०० पैकी ७२० हा जाहीर आकडा कॉम्पटियाच्या नेटवर्क प्लसचा, त्याची येथे सरमिसळ नको.

‘सहा प्रकरणांच्या टक्क्यांची सरासरी म्हणजे आपले गुण.’ वजने समान नाहीत, तेव्हा ही सरासरी निरर्थक आहे.

‘चुकीच्या उत्तराला गुण कापतात.’ कापत नाहीत. मात्र मागे वळून उत्तर सुधारता येत नाही, म्हणून १२० मिनिटांचा हिशेब पहिल्या प्रश्नापासून ठेवावा.

‘दुसऱ्या वेळेस फी निम्मी.’ पूर्ण भरावी लागते. फेरपरीक्षेची सवलत असलेले व्हाउचर आधीच घेतले असेल तर गोष्ट निराळी.

‘नापास झाल्याचा डाग प्रमाणपत्रावर राहतो.’ प्रमाणपत्रावर प्रयत्नांची संख्या छापलेली नसते.

‘एकदा सुटलो की जन्मभर सुटलो.’ मान्यता तीन वर्षांची, पुढे नूतनीकरण.

‘पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचून काढले की झाले.’ हा समज घरातल्या वडीलधाऱ्यांचाही असल्याने त्यास एक दाखला जोडतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने एक उतारा चारही सत्रांत नुसता वाचला, दुसऱ्याने पहिल्या सत्रात वाचून पुढील तीन सत्रांत तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, परंतु आठवड्यानंतर वाचणाऱ्यांस सुमारे ४० टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांस सुमारे ६१ टक्के मजकूर स्मरत होता. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

राहता राहिला तारखेचा प्रश्न. दुसऱ्या खेपेची तारीख केव्हा घ्यावी, यास माझे उत्तर एकच आहे: पूर्वी चुकलेल्या विषयांतला कोणताही प्रश्न, आकडे बदलून पुढे ठेवला असता, उत्तर सांगून न थांबता उरलेले तीन पर्याय का चुकतात हेही जेव्हा सांगता येईल, तेव्हा. तोवर भरलेले शुल्क ही परीक्षेची फी नसून आळसाचा दंड समजावा, आणि तो वसूल करण्यास सिस्कोची काहीच हरकत नसते.