‘३ २ २ ३ — २ २ ३ ०’ : हा ओटीपी नाही, बीथोव्हेनची पाचवी सिंफनी आहे!

वरातीतला बँड ऐकलेल्या गडहिंग्लजकराला ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट नवे नाहीत. पण ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की आपल्याला आठवतो तो गणेशोत्सवातला गाण्यांचा कार्यक्रम. सिंफनी ऑर्केस्ट्रा वेगळा. तिथे साठ-ऐंशी वादक समोर लिहिलेलं संगीत वाचून वाजवतात. मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ साली सुरू झालेला ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ हा असाच.

कोणत्या रचनेला किती वादक लागतील, हे आधी कसं कळतं? त्यासाठी ‘डॅनियल्स’ आहे. अमेरिकेच्या डेव्हिड डॅनियल्स यांचं हे संदर्भपुस्तक १९७२ मध्ये आलं. आता त्याचा ऑनलाइन डेटाबेस आहे, पण वर्गणी भरावी लागते.

वरचे आकडे त्यातल्याच पद्धतीचे. पहिले चार म्हणजे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. रेघेनंतरचे चार पितळी वाद्यांचे : हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. क्रम कायम हाच. शेवटी शून्य का? ट्यूबाचं पेटंट १८३५ सालचं आणि बीथोव्हेन गेला १८२७ मध्ये!

खरी गंमत त्या ‘३’मध्ये आहे. तिन्ही ट्रॉम्बोनवाले थेट चौथ्या, म्हणजे शेवटच्या भागात वाजवतात. तोवर नुसते बसून. मानधन मात्र तिघांनाही द्यायचं. बजेट तुटपुंजं असेल तर कार्यक्रम ठरवण्याआधी हे आकडे बघावेच लागतात.

वर्गणी परवडत नसेल तर ‘आयएमएसएलपी’ ही साइट मोफत आहे. रचनेचं नाव शोधा, ‘इन्स्ट्रुमेंटेशन’समोर वाद्यांची यादी दिसेल. शिवाय जुन्या रचनांचा पूर्ण स्कोअर आणि बऱ्याचदा प्रत्येक वाद्याचे सुटे कागदही पीडीएफमध्ये मिळतात. गडहिंग्लजमध्ये व्हायोलिन शिकणाऱ्या मुलीला मोबाइलवर एवढं मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

ही साइट २००७ मध्ये बंदही पडली होती. कॅनडात तेव्हा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षं कॉपीराइट होता, युरोपात ७०. त्यावरून युरोपातल्या एका प्रकाशकाने कायदेशीर नोटीस धाडली. २००८ मध्ये साइट परत आली. भारतात ही मुदत ६० वर्षं आहे. त्यामुळे डाउनलोडचं बटण दाबण्याआधी संगीतकार कधी वारला, तेवढं बघून घ्या.