दगडाचा टेकू

पाचनईच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर पोहोचलो तेव्हा डिसेंबरातली दुपार होती आणि माझ्या सॅकवर चार पानांचं घडीचं सोलर पॅनल लोंबत होतं. २८ वॅटचं, असं त्याच्या पिशवीवर ठळक छापलेलं. सकाळभर चालून त्याला जोडलेला फोन ४१ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आला होता. झापात चहा उकळणाऱ्या मामांनी त्या पानांकडे पाहिलं नि विचारलं, "हे वाळत घातलंय व्हय?"

मामांच्या छपरावरही एक पॅनल होतं. वहीएवढं, कडेला चिरा गेलेलं, बांबूला सुतळीनं बांधलेलं. तोंड दक्षिणेला आणि मागून दगडाचा टेकू. त्यावर रात्री झापातला दिवा चालायचा आणि मामांचा बटणांचा फोनही.

माझ्याजवळ यूएसबी मीटर होता. पॅनल कातळावर सपाट पसरलं. आकडा ११ वॅटवर थांबला. मामांचं पाहून दक्षिणेकडे तोंड करून तिरकं उभं केलं, मागे दगड लावला. १५ वॅट! यात जादू काही नाही. मे महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. तेव्हा पॅनल सपाट ठेवलं तरी चालतं. डिसेंबरच्या शेवटी मात्र आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो. सपाट पॅनलवर ते ऊन तिरपं सांडतं आणि चौथा हिस्सा वाया जातो. सॅकवर लटकणाऱ्या पॅनलची गत तर विचारूच नका. वाट वळली की त्याची पाठ उन्हाला, कारवीत शिरलात की अंधार.

सावलीचाही प्रयोग केला. एका पानाच्या कोपऱ्यावर नुसता तळहात धरला, तर आकडा निम्म्याच्या खाली. झाकला गेला होता इवलासा भाग, मग एवढी घट कशी? पॅनलमधले सौरघट एकामागून एक जोडलेले असतात. जुन्या दिवाळीच्या माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ विझायची, आठवतंय? तसंच काहीसं. एका घटावर सावली पडली की त्याच्या ओळीतल्या सगळ्यांचाच प्रवाह अडतो. तेव्हा तंबूची दोरी, झाडाची फांदी, वाळत टाकलेला मोजा यांपासून पॅनल लांब ठेवावं.

मग २८ वॅट गेले कुठे? घरी येऊन पट्टीनं मोजलं. काळ्या घटांचं क्षेत्रफळ दीड ए-फोर कागदाएवढं भरलं. भर उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. चांगले एकस्फटिकी सिलिकॉनचे घट तिचा २० ते २२ टक्के भाग विजेत बदलतात. ए-फोर कागद म्हणजे चौरस मीटरचा सोळावा हिस्सा, म्हणजे त्याला फार तर १३-१४ वॅट. दीड कागदाला २० आले तरी खूप. बाकीचे ८ वॅट फक्त छपाईत होते.

शिवाय हा हिशेब प्रयोगशाळेतला, घट २५ अंश सेल्सिअसला असतानाचा. एप्रिलमध्ये काळ्या कातळावर पॅनल सहज ६० अंशांना जातं आणि दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. पॅनलला ऊन हवं, उष्णता नको. म्हणूनच हिमालयात, थंड हवेत आणि बर्फावरून परतणाऱ्या उजेडात, तेच पॅनल खुशीत चालतं. फोनला मात्र टोकाचं ऊन आणि टोकाची थंडी दोन्ही बाधतात. तो पॅनलच्या मागच्या कप्प्यात ठेवू नका, तिथे भट्टी असते. शून्याखालच्या थंडीत लिथियमची बॅटरी चार्ज केली तर कायमची बिघडू शकते. रात्री ती स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावं.

बेल लॅब्सनं १९५४ साली सिलिकॉनचा सौरघट जगासमोर आणला तेव्हा तो उन्हाचे ६ टक्केच पकडत होता. १९५८ साली अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ हा पपनसाएवढा उपग्रह असे घट लावून वर गेला. त्यातला बॅटरीवरचा ट्रान्समीटर काही महिन्यांत गप्प झाला, सौरघटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. अर्थात तिथे ना ढग होते ना कारवी.

ढगांचं दुखणं वेगळंच. ढग आला की पॅनलची वीज घटते, फोन चार्जिंग सोडतो. ढग सरला तरी काही फोन पुन्हा जोर धरत नाहीत, थेंबथेंब घेत बसतात. उपाय सोपा: दिवसा पॅनलवरून पॉवर बँक भरायची, रात्री बँकेवरून फोन. मात्र पाठीवर पॅनल चिकटवलेली 'सोलर पॉवर बँक' घेऊ नका. १०,००० एमएएचची बँक म्हणजे ३७ वॅट-तास. तिच्या पाठीवरचं पॅनल वॅट-दीड वॅटचं. करा भागाकार. भर उन्हाचे २५ ते ३७ तास लागतील आणि तोवर आतली बॅटरी उन्हात भाजत राहील. मला विचाराल तर ही शुद्ध फसवणूक आहे.

चांगलं २० वॅटचं पॅनल नीट टेकवून ठेवलं तर हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी दोनेक फोन भरून देतं. आठवडाभर एका तळावर राहणाऱ्यांना, दुपारी विसावा घेणाऱ्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना किंवा वादळानंतर वीज गेलेल्या घराला ते उपयोगी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पण तेव्हा पावसाळा तोंडावर होता, आणि दाट ढगांखाली पॅनल जेमतेम दहावा-पाचवा हिस्सा देतं, हेही धरून चालावं.

शनिवार-रविवारच्या ट्रेकला मात्र पॅनल घरीच राहू द्या. भरलेली पॉवर बँक न्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. रेंज शोधण्यातच तो निम्मा दमतो. पॅनल घ्यायचंच असेल तर दुकानात ए-फोर कागद घेऊन जा, घटांवर ठेवून बघा. आणि गडावर नेताना दोन हात सुतळी बरोबर असू द्या. दगड वर मिळतात.