पहाटे गाडी लवकर सुरू होत नाही?

वाशीच्या एपीएमसी बाजारात बरेच व्यवहार पहाटेच होतात. फजरनंतर टेम्पो अडला की धंदा बुडालाच. कित्येक बांधव लगेच नवी बॅटरी घेतात. आम्ही सुचवतो, आधी स्टार्टरचा आवाज ऐका.

तो मंद फिरत असेल तर आधी बॅटरी व टर्मिनल तपासा. खाडीच्या दमट हवेत टर्मिनल गंजतात. साफ करून घट्ट आवळा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, 12.2 म्हणजे निम्मी उतरली.

स्टार्टर जोरात फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर बॅटरीचा खर्च वाया जाईल. रात्रीतून डिझेल टाकीकडे परतते, गाडी 'एअर घेते'. फिल्टरवरचा हातपंप मारताच ती सुरू झाली, तर पाइपाचे जोड, वॉशर तपासून घ्या. हे काम नव्या बॅटरीपेक्षा स्वस्त पडते.